सात आवर्तनं आणि वर दोन टाके

माझी आजी दुपारी विणायला बसली की गुणगुणायची. मागच्या मार्चमध्ये ते मी बंद पाडलं. मुद्दाम नाही, पण पाडलं. कसं, ते सांगतो.

तेव्हा मी दोन महिने मिरजेला होतो. पुण्यातली भाड्याची खोली सुटली होती, दुसरी मिळत नव्हती, आणि काम लॅपटॉपवरचं असल्यामुळे ते आजीच्या मधल्या खोलीत बसूनही होत होतं. आजी ऐंशीच्या घरातली. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. घरात ती एकटीच, सकाळी वरकामाला एक मावशी येतात तेवढ्याच. ही एकटी दिवसभर काय करत असेल, याची आम्हा सगळ्यांना काळजी असते. दोन महिने सोबत राहून मला कळलं, की तिला वेळ पुरत नाही.

सकाळी सांगली आकाशवाणी. मग पेपर, शब्दकोड्यासकट. दहा वाजता बंगलोरहून माझ्या आतेबहिणीचा, म्हणजे ताईचा, व्हिडिओ कॉल. त्यात पणतू स्क्रीन चाटायचा आणि आजी इकडून टाळ्या वाजवायची. रविवारी बाबा, काका आणि आत्या यांचे फोन यायचे. एकाचा फोन चालू असताना दुसऱ्याचा आला तर ती उचलत नाही. ‘रांगेत या म्हणावं,’ म्हणते. आणि रोज दुपारी दोन ते चार विणकाम.

मिरजेचा मार्च म्हणजे पंखा पाचवर ठेवूनही घाम येतो, आणि ही मांडीवर लोकर घेऊन बसलेली. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, ‘या उकाड्यात लोकर हातात धरवते तरी कशी हो?’ आजी म्हणाली, ‘थंडी पडल्यावर विणायला घेतलं, तर स्वेटर उन्हाळ्यात पुरा होतो.’

तिच्याकडे एक वही आहे. पुठ्ठ्याची, जाड, चिकटपट्ट्या लावलेली. पुढून उघडली तर गाण्याच्या क्लासची टिपणं: राग, थाट, वादी, संवादी, ताल. मागून उघडली तर आम्हा सगळ्यांची मापं. छाती, उंची, बाही, खांदा, आणि शेजारी साल. माझी छाती 1999 साली एकवीस इंच होती. बाबांची मापं 1970 पासून आहेत. आजोबांचं पान सर्वांत लांब. बरीच वर्षं अडतीस, अडतीस, अडतीस. मग छत्तीस. मग चौतीस. चौतीसच्या पुढे काही नाही.

तर त्या मार्चमध्ये आजोबांचाच एक स्वेटर उसवायला निघाला होता. विटकरी रंगाचा. ट्रंकेत ठेवलेला असताना कसर लागली होती. दोन्ही बाह्या आणि पाठ गेली, पुढचा भाग मात्र शाबूत होता. आजीनं तो हातात घेऊन बराच वेळ उजेडात धरला. मला वाटलं, आता डोळे पुसणार. ती म्हणाली, ‘यात बाळाचा बिनबाह्यांचा आरामात बसतो.’

उसवणं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी बाजूच्या शिवणी सोडवायच्या. विणलेलं खालून वर गेलेलं असतं, म्हणून उसवायचं वरून खाली. टोक सापडलं की लोकर सरसर सुटत येते, पण सरळ येत नाही. इतकी वर्षं ज्या टाक्यांत बसली होती, त्यांची वळणं घेऊन येते, शेवयांसारखी. मग तिची लड करायची, चार ठिकाणी सैलसर बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली हलकं वजन अडकवून वाळत टाकायची. आजी वजनाला पितळेची लोटी अडकवते. वाळली की वळणं गेलेली असतात. मग गुंडा करायचा आणि पुन्हा सुईवर टाके घालायचे.

तिनं बहात्तर टाके घातले आणि गुणगुणायला लागली.

शब्द नव्हते. तोंड मिटलेलं, आवाज नाकातून. भीमपलास होता हे मला तिनंच नंतर सांगितलं. दुपारचा राग. खिडकीतून उजेड येत होता, सुयांची टिकटिक चालू होती, विटकरी लोकर तिच्या मांडीवरून घरंगळत फरशीवर आली होती. कोणीही फोन काढला असता. मी काढला. चाळीस सेकंद.

त्यावर मी ओळ लिहिली, ‘संसारासाठी गाणं सोडलं, पण सुरांनी तिला सोडलं नाही.’ मला ती ओळ तेव्हा फार आवडली होती. आजीनं गांधर्वच्या परीक्षा मध्यमेपर्यंत दिल्या होत्या आणि मग 1966 साली तिचं लग्न झालं, एवढं मला माहीत होतं. बाकीचं मी जुळवून घेतलं. अशा गोष्टी आपण इतक्या ऐकलेल्या असतात, की जुळवायला कष्ट पडत नाहीत.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ अकरा हजार लोकांनी पाहिला. लाल बदाम, रडके चेहरे, ‘माझी आजी आठवली’, ‘किती गोड’. फॅमिली ग्रुपवर काकांनी लिहिलं, ‘आईचा पूर्ण कार्यक्रम रेकॉर्ड करू या, चांगला माइक आणतो.’ आजीला मी सगळं वाचून दाखवलं. ती लाजली, हसली आणि म्हणाली, ‘दे बघू इकडे, मला नीट ऐकू दे.’ तिनं फोन कानाशी धरला. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. माझी मीटिंग होती म्हणून मी फोन तिच्याकडेच सोडून गेलो.

त्यात एक कॉमेंट होती. मी वाचून दाखवताना गाळलेली. ‘बेसूर आहे पण क्यूट.’

मिरजेत ‘बेसूर’ हा हलका शब्द नाही. या गावात तंबोरे आणि सतारी घडतात. पंढरपूरकडच्या शेतांतून भोपळे येतात, आणि त्यांची वाद्यं करणाऱ्यांच्या पिढ्या एकाच गल्लीत नांदल्या आहेत. आजीचं माहेर त्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. तारा जुळवल्याचा आवाज ऐकतच ती मोठी झाली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ या गावात राहिले. 1937 साली ते वारले आणि त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. दर वर्षी उरुसात त्यांच्या नावानं रात्र रात्र गाणं होतं. आजी लहानपणी वडिलांच्या मांडीवर पेंगत ते ऐकायची. तिच्या गावात माणूस काळा, गोरा, गरीब, श्रीमंत काहीही असू शकतो. बेसूर असू नये.

मीटिंग संपवून आलो तेव्हा फोन टेबलावर उलटा ठेवलेला होता.

‘गंधार उतरतोय रे,’ ती म्हणाली. ‘मध्यमावरून खाली येताना ढिला पडतोय. मला कधी कळलंच नाही.’

आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून, कानावाटे. दुसरी आतून, कवटीच्या हाडांतून. आतून येणारा आवाज भरदार असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो, फक्त बाहेरचा उरतो, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला स्वतःचाच आवाज परका आणि पातळ वाटतो. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ‘असेल. पण गंधार उतरतोय,’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दोन वाजता खुर्चीत बसली. सुयांची टिकटिक चालू झाली. गुणगुण नव्हती.

मी व्हिडिओ काढून टाकला. तिला सांगितलंही. ती म्हणाली, ‘कशाला काढलास? लोकांना आवडला होता.’ रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, मला माफी तरी मागता आली असती. चार दिवस गेले. घर तसंच होतं. रेडिओ, शब्दकोडं, दहाचा कॉल, आमटी-भात. फक्त दोन ते चार या वेळेत मधल्या खोलीत सुया एकट्याच वाजत.

पाचव्या दिवशी पाहिलं, तर ती उसवत होती. आजोबांचा स्वेटर नव्हे, बाळाचा.

‘काय झालं?’

‘नऊ ओळींमागे टाका चुकलाय. सगळी वीण सरकली.’

दोन दिवसांनी पुन्हा. या वेळी चौदा ओळी. मी म्हणालो, ‘आजी, चष्म्याचा नंबर वाढला असेल. दाखवून येऊ या?’

‘चष्म्याला काय झालंय? मोजायला कोणी नाही.’

मला काही कळलं नाही. मग तिनं मला शेजारी बसवून सुईवरची वीण दाखवली. दोन टाके सुलट, तीन उलट, पुन्हा दोन सुलट, तीन उलट. उभ्या पट्ट्या पडतात, बारीक-जाड. ‘दोन, तीन, दोन, तीन,’ ती बोटानं दाखवत म्हणाली. ‘आता सांग, कुठला ताल?’

मी तबला शिकलेलो नाही. मला सांगता आलं नाही.

‘झपताल. दहा मात्रा. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. सात वेळा म्हटलं की सत्तर टाके झाले. आणि वर दोन.’

‘वर दोन कशाला?’

‘अरे, ओळ संपली की काम उलटं फिरवायचं आणि परत यायचं. सत्तरच टाके घातले, तर येताना तीनानं सुरुवात होते. तीन, दोन, तीन, दोन. ताल उलटा चालतो, मला नाही जमत. दोन जास्तीचे घातले की जातानाही दोनानं सुरू आणि येतानाही दोनानं सुरू. आठव्या आवर्तनाची सम घ्यायची आणि वळायचं.’

मी थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिलो. ती गुणगुणत होती ते विणता विणता सहज आलेलं गाणं नव्हतं. ती मोजत होती. टाका म्हणजे मात्रा. नाकातल्या त्या आवाजानं साठ वर्षं आमच्या सगळ्यांचे स्वेटर मोजले होते. चार-चारची वीण असली की तीनताल. सहा टाक्यांची वेणी असली की दादरा. विणणं तिला शेजारच्या नर्सबाईंनी शिकवलं, लग्नानंतर. त्या मिशन हॉस्पिटलात कामाला होत्या आणि टाके इंग्रजीत मोजायच्या. आजीला ते आकडे लक्षात राहिनात, म्हणून तिनं आपले लावले. आणि मी लिहिलं होतं, गाणं सोडलं.

लोकर दोनदा उसवल्यामुळे तिला फेसा आला होता. जुनी लोकर, आणखी एक-दोन उसवण्या सोसेल, मग तुटायला लागेल, असं आजी म्हणाली. तिची पुन्हा लड करून, भिजवून, वाळवून गुंडा करायला घेतला. लड धरायला कोणी तरी लागतं. पूर्वी आजोबा धरायचे. मी समोर स्टुलावर बसलो, दोन्ही हात पुढे, तळवे समोरासमोर, त्यांवर लड ताणलेली. आजी गुंडा गुंडाळत होती आणि मी एकदा डावा हात खाली, एकदा उजवा, असा लोकर सोडत होतो. खिशात फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला.

तेव्हा मी विचारलं, ‘आजी, गाणं पुढे का नाही केलंस?’

‘तुला काय वाटतं?’

‘लग्न झालं म्हणून.’

ती हसली. ‘मध्यमेच्या परीक्षेला समोर दोन परीक्षक बसले होते. घसा असा कोरडा पडला, की षड्जच लागेना. एकानं पाणी दिलं. पास झाले, पण घरी येऊन रडले. मला चार माणसांसमोर गाणं म्हणजे शिक्षा वाटायची. लग्न ठरलं, तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी दोन खाल्ले. एक लग्नाचा, एक विशारदची परीक्षा टळली म्हणून.’

‘म्हणजे तुला वाईट नाही वाटलं?’

‘माझ्याबरोबर क्लासला एक मुलगी होती. तिचा गळा, काय सांगू तुला. तिला सासरी कोणी तंबोऱ्याला हात लावू दिला नाही. तिच्यासाठी मला अजून वाईट वाटतं. तुझी ती ओळ तिच्यावर लिहायला हवी होती.’ तिनं गुंडा फिरवून दुसऱ्या अंगानं गुंडाळायला घेतला. ‘मला गाणं हवं होतं, कोणी ऐकायला नको होतं. या घरात ते मिळालं. दुपारी सगळी झोपलेली असायची. तुझे आजोबा पेपर तोंडावर घेऊन पडायचे. त्यांना ऐकू यायचं, मला माहीत होतं. पण एका शब्दानं कधी बोलले नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. फार शहाणा माणूस.’

माझे हात भरून आले होते. खिशातला फोन तिसऱ्यांदा थरथरून गप्प झाला. लड संपली.

तिनं पुन्हा बहात्तर टाके घातले. पण गुणगुण काही परत आली नाही. मी उपाय शोधायला लागलो. यूट्यूबवर झपतालातला भीमपलास शोधून स्पीकरवर लावला. आजीनं सुया खाली ठेवल्या, डोळे मिटले आणि पंचवीस मिनिटं ऐकलं. संपल्यावर म्हणाली, ‘इतकं चांगलं गाणं चालू असताना विणायचं कसं?’ दुसऱ्या दिवशी नुसता तबला लावून बघितला. मशीनचा. ‘हा थांबत नाही. माझा टाका अडकला तर यानं थांबायला नको?’

मग मी म्हणालो, मी मोजतो.

ती म्हणाली, ‘बस.’

टाळी कुठे, खाली कुठे, हे तिनं मला मांडीवर थाप मारून शिकवलं. पहिली, तिसरी आणि आठवी मात्रा टाळीची. सहावी खाली, तिथे हात उलटा. मी म्हणायला लागलो. धी ना, धी धी ना. ती विणायला लागली. दुसऱ्या आवर्तनात मी पळालो, चौथ्यात मागे पडलो. ती ‘हं’ करून थांबायची, मी पुन्हा समेवर यायचो. एका ओळीला चांगली दहा मिनिटं लागली. ऑफिसमध्ये मला लोक हिशोबी म्हणतात, आणि मला दहापर्यंत मोजता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी असाच कुठे तरी सातव्या मात्रेवर लटपटलो, आणि माझी लय सावरायला आजीच्या नाकातून आवाज आला. दोनच मात्रांचा. मी तिच्याकडे बघितलं नाही. आयुष्यात मी घेतलेला तो सर्वांत शहाणा निर्णय असेल. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ठेका म्हणत राहिलो. पुढच्या ओळीत पुन्हा आला, थोडा लांब. आठवडाभरात माझा ठेका तिला नकोसा झाला. ‘आता पुरे. तू तुझं काम कर जा. मध्येच पळतोस, माझा टाका चुकवशील.’

मी पलीकडच्या खोलीत जाऊन बसलो आणि दार लोटून घेतलं.

सगळं पूर्वीसारखं झालं, असं म्हणता येणार नाही. आधी ती घरात कोणी आहे की नाही याचा विचार न करता गुणगुणायची. आता दाराची कडी वाजली की थांबते. आणि गंधारावर किंचित रेंगाळते, तो जागेवर आहे का ते तपासत असल्यासारखी. ते रेंगाळणं माझ्यामुळे आलं. ते काही उसवता येत नाही.

एप्रिलच्या शेवटी बाळाचा स्वेटर बंगलोरला गेला. ताईनं तो घालून फोटो पाठवले. बाळ त्यात विटकरी रंगाच्या वांग्यासारखं दिसत होतं. ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला. आजीनं फोटो दोन बोटांनी मोठा करून गळ्यापाशी नेला आणि म्हणाली, ‘मुंढा जरा ओढतोय. पुढच्याला चार टाके कमी करीन.’ मग वही मागून उघडून एक नवीन पान केलं. पणतवाचं नाव, साल, छाती वीस.

हा लेख लिहू का, म्हणून मी तिला विचारलं. मागच्या वेळी विचारलं नव्हतं. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, ‘वाचताना आवाज ऐकू येत नाही ना?’ मी म्हटलं, नाही. ‘मग लिही.’

आता मी पुन्हा पुण्यात आहे. रविवारी माझा नंबर चौथा लागतो. पण कधी मधल्याच वारी, दुपारी अडीच-तीनला, मी तिला फोन लावतो. ती उचलते, स्पीकरवर टाकते आणि काही बोलत नाही, कारण ओळ अर्धी झालेली असते. तिकडून पंखा ऐकू येतो, सुया ऐकू येतात. बाकी जे ऐकू येतं त्याबद्दल मी तिला काही बोलत नाही. चांगलं नाही, वाईट नाही. टेबलावर बोटानं मोजत बसतो, पाच, सहा, सात, आणि वर दोन. मग पलीकडे काम उलटं फिरवल्याची खसखस होते आणि आजी म्हणते, ‘हं, बोल.’